शेजारच्या घरात विकेट आधी पडते

आयपीएलच्या दिवसांत आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी एक प्रकार घडतो. तळमजल्यावरच्या काकांकडे गच्चीवरच्या छत्रीला जोडलेला जुना टीव्ही आहे. त्यांच्या घरातून ‘आउट!’ असा आवाज येतो आणि तिसऱ्या मजल्यावर मोबाइलवर तोच सामना बघणाऱ्या पोरांचे चेहरे उतरतात. त्यांच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपच्या खुणेकडे चालत निघालेला असतो. विकेट पडायला पंचवीस-तीस सेकंद आहेत, पण ती पडणार हे सगळ्यांना कळून चुकलेलं असतं.

नवल असं, की काकांचं चित्र जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन पुन्हा खाली येतं. पोरांच्या मोबाइलवरचं चित्र बहुधा मुंबईतल्या किंवा पुण्यातल्याच एखाद्या सर्व्हरमधून येतं. मग लांबून येणारा पाहुणा वेळेवर आणि शेजारच्या गल्लीतला उशिरा, असं का व्हावं?

अंतराचा यात काही दोष नाही. उपग्रहापर्यंत जाऊन यायला त्या लहरींना पाव सेकंद पुरतो. वेळ जातो तो वाटेत चित्रावर होणाऱ्या कामात. मैदानापासून तळहातापर्यंत येताना ते चित्र ठिकठिकाणी थांबतं, आणि प्रत्येक थांब्यावर कोणीतरी नोकरी करत असतं. दहावी-बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी ‘मला व्हिडिओत करिअर करायचंय’ म्हणाली, की घरच्यांच्या डोळ्यांपुढे खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस येतो, फार तर एडिटिंगला बसलेला. हे क्षेत्र त्याच्या कितीतरी पलीकडे पसरलंय. ते समजून घ्यायला या तीस सेकंदांचा माग काढण्याइतका चांगला रस्ता मला माहीत नाही.

मैदानाबाहेरची गाडी

पहिला थांबा मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीत. तिला ‘ओबी व्हॅन’ म्हणतात, म्हणजे स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणारी गाडी. मोठ्या सामन्याला कॅमेरे दोन डझनांच्या पुढे असतात. त्या सगळ्यांची चित्रं गाडीतल्या पडद्यांच्या भिंतीवर एकाच वेळी चालू असतात. डायरेक्टर त्या भिंतीकडे बघत कॅमेऱ्याचा नंबर पुकारतो, ‘टेक’ म्हणतो, आणि व्हिजन मिक्सरवर बसलेला माणूस बटण दाबतो. शेजारी रिप्ले ऑपरेटर असतो. बॅटची कड लागली असं वाटताच नेमका तो क्षण शोधून हळू गतीत तयार ठेवणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन श्वासांइतकाच वेळ असतो. पलीकडे धावफलकाच्या पट्ट्या चढवणारा ग्राफिक्स ऑपरेटर. या लोकांना यंत्र चालवता येतंच, पण त्याहून जास्त त्यांना क्रिकेट कळतं. चेंडू कुठे जाईल हे आधी ओळखणाऱ्यालाच योग्य कॅमेरा वेळेवर सापडतो.

इथून चित्र स्टुडिओत जातं आणि त्याला वेगवेगळ्या भाषांतलं समालोचन जोडलं जातं. २०२३च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचनही होतं. चित्र सगळ्यांना तेच, आवाजाचा धागा मात्र प्रत्येक भाषेचा वेगळा.

इथपर्यंत काकांचा टीव्ही आणि पोरांचा मोबाइल बरोबरीत आहेत. खरी फारकत पुढे होते.

पाऊस आणि नळ

उपग्रहावरून येणारं चित्र पावसासारखं पडतं. ते कोणाला विचारत नाही, कोणासाठी थांबत नाही. ज्याच्या गच्चीवर छत्री आहे त्याने ते झेलायचं. बघणारे हजार असोत की दहा कोटी, आकाशातून पडणारं चित्र एकच.

इंटरनेटवर प्रत्येक मोबाइल स्वतः नळ सोडतो. ‘मला पुढचं चित्र दे’ असं तो मागतो आणि सर्व्हर त्याला वेगळं उत्तर देतो. बघणारे वाढले की मागणाऱ्यांची रांगही वाढते. पुढचा सगळा खटाटोप या एका फरकातून जन्माला आला आहे.

दहा सेकंदांत संपणारा पॅक

मुळात चित्र पाठवायला जड असतं. किती जड, ते खालच्या चौकटीतल्या हिशेबात बघा. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने हा गुणाकार एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा.

चौकट : एका सेकंदाचं वजन

• फुल एचडी चित्रात १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके.
• प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट्स. एका चित्राचे सुमारे ६२ लाख बाइट्स.
• सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी, तासाला सुमारे ५६० जीबी.
• रोजचा दीड जीबीचा पॅक दहा सेकंदांत संपेल.
• प्रत्यक्षात हेच चित्र सेकंदाला ५ मेगाबिट, म्हणजे सुमारे ०.६ एमबी इतक्यात पाठवतात. मूळ वजनाचा अडीचशेवा भाग.

अडीचशेतला एक भाग ठेवून बाकी टाकून द्यायचं, आणि बघणाऱ्याला ते कळूही द्यायचं नाही. हे तीन पायऱ्यांत होतं.

पहिली पायरी रंगाची. लहान मुलांच्या रंगकामाच्या वहीत चित्राची काळी रेघ ठळक असते. मुलाने रंग थोडा रेघेबाहेर नेला तरी हत्ती हत्तीच दिसतो. आपला डोळा उजेड-अंधाराची रेघ बारकाईने बघतो, रंगाच्या बाबतीत तो तितका काटेकोर नसतो. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. एवढ्यानेच वजन निम्मं होतं.

दुसरी पायरी वाण्याच्या यादीची. दर महिन्याला आपण पूर्ण यादी लिहीत नाही. ‘मागच्यासारखंच सगळं, फक्त साखर दोन किलो जास्त आणि पोहे नकोत,’ एवढं सांगून भागतं. व्हिडिओतही एक पूर्ण चित्र पाठवतात, त्याला आय फ्रेम म्हणतात. पुढच्या चित्रांत फक्त बदल कळवतात. चेंडू इथून तिथे सरकला, बाकी हिरवळ होती तशीच. ही पी फ्रेम. तिसरा प्रकार बी फ्रेमचा, ती मागची आणि पुढची अशा दोन्ही याद्या बघून मधला फरक लिहिते. त्यात सगळ्यात जास्त बचत होते, पण पुढचं चित्र येईपर्यंत थांबावं लागतं. आपल्या तीस सेकंदांतला थोडा वेळ इथे जातो. शिवाय मागची यादीच हरवली तर ‘मागच्यासारखंच’ या शब्दाला अर्थ उरत नाही. म्हणून दर काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र पाठवतात.

ही युक्ती कुठे हरते ते बघायचं असेल तर जेजुरीचा भंडारा उधळतानाचा व्हिडिओ मोबाइलवर बघा. हवेतला हळदीचा प्रत्येक कण प्रत्येक चित्रात जागा बदलतो. ‘मागच्यासारखंच’ म्हणता येईल असं काही शिल्लकच राहत नाही. मग पिवळ्या ढगाचे चौकोनी तुकडे पडतात आणि माणसांचे चेहरे पुसट होतात. कॅमेरा कितीही महाग असला तरी हे होतं. अनुभवी माणूस अशा प्रसंगासाठी आधीच जास्त डेटा राखून ठेवतो.

रांगोळीचे छापे

तिसऱ्या पायरीवर जरा रेंगाळायला हवं, कारण तिच्यामागे बंगळुरात १९४० साली जन्मलेला एक माणूस आहे, नासिर अहमद.

बाजारात रांगोळीचे भोकाभोकांचे छापे मिळतात. समजा तुमच्याकडे असे ६४ छापे आहेत. पहिला नुसता सपाट, मग रुंद पट्ट्यांचे, मग अधिकाधिक बारीक पट्ट्यांचे. चित्राचा ८ × ८ ठिपक्यांचा कोणताही तुकडा घ्या, हे छापे कमी-अधिक रांगोळी वापरून एकावर एक टाकले की तो तुकडा हुबेहूब उभा राहतो. आता गंमत बघा. आकाश, भिंत, गाल, हिरवळ अशा बहुतेक तुकड्यांना पहिले चार-सहा छापेच पुरतात. बारीक पट्ट्यांच्या छाप्यांची गरज नगण्य असते आणि त्यांची रांगोळी टाकली नाही तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. मग चित्राऐवजी ‘कोणता छापा किती’ एवढंच लिहून पाठवायचं.

या पद्धतीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या अहमद यांनी १९७२मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी सरकारी अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४मध्ये छापून आला. आज मोबाइलमधला जवळपास प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ याच तत्त्वावर बांधलेला असतो. २००३ची एच.२६४ पद्धत, २०१३ची एच.२६५, २०१८ची एव्ही१, या प्रत्येकीत छाप्यांचे आकार आणि हिशेब बदलले, पाया तोच राहिला. अशा दाबणाऱ्या आणि उलगडणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कोडेकवर काम करणाऱ्याला गणित लागतं, आणि ज्यांना गणित आवडतं पण त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही, त्यांना हे दार कोणी दाखवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

हंडा, कळशी, तांब्या

दाबलेलं चित्र आता निघायला तयार आहे, पण घेणाऱ्यांचे नळ सारखे नाहीत. एकाकडे फायबर आहे, दुसरा लोकलमध्ये दाराशी उभा आहे, तिसरा घाटात, जिथे सिग्नलची एकच काडी आहे. सगळ्यांना एकच आकार देऊन कसं चालेल?

म्हणून व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा तीन-चार मापांत तयार ठेवतात. तेच सहा सेकंद मोठ्या हंड्यात, मधल्या कळशीत आणि छोट्या तांब्यात. प्रत्येक तुकड्याआधी मोबाइलमधला प्लेअर नळाची धार बघतो. धार जोरात असेल तर हंडा मागतो, बारीक झाली तर तांब्या. बोगद्यातून जाताना चित्र एकाएकी धुरकट होतं आणि बाहेर आल्यावर हळूहळू लखलखीत होतं, ते यामुळे. ॲपलने २००९मध्ये एचएलएस नावाने ही रीत आणली, २०१२मध्ये डॅश नावाची खुली पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आज बहुतेक सगळी दुनिया या दोन रीतींवर चालते.

किती मापं ठेवायची, कोणत्या मापाला किती डेटा द्यायचा, धार किती कमी झाल्यावर खाली उतरायचं, हे ठरवणाऱ्यांना स्ट्रीमिंग इंजिनिअर म्हणतात. कीर्तनाचा व्हिडिओ कमी डेटात छान दिसतो, कारण बुवा एका जागी उभे असतात. कबड्डीला तेवढा डेटा दिला तर खेळाडू विरघळल्यासारखे दिसतात. हे ओळखायला आकडे लागतात, तशी नजरही लागते.

गच्चीवरची टाकी

आता तीस सेकंदांचा मोठा हिस्सा सापडतो. पालिकेचं पाणी केव्हा येईल, केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून आपण गच्चीवर टाकी बांधतो. प्लेअरही तेच करतो. आलेला तुकडा लगेच न दाखवता आधी साठा करतो. या साठ्याला बफर म्हणतात. टाकी रिकामी झाली की पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र येतं.

थेट प्रक्षेपणात प्लेअरने ताज्या टोकापासून तीन तुकडे मागे राहावं, असा एचएलएसचा दंडक आहे. सहा सेकंदांचा एक तुकडा धरला तर अठरा सेकंद इथेच गेले. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, ते आणखी सहा. दाबण्याचे आणि वाटेतले काही सेकंद त्यात मिळवा. काका का जिंकतात याचं उत्तर एवढंच आहे. त्यांचं चित्रही दाबलेलं असतं, पण त्यांच्या डब्याला असली टाकी भरत बसावं लागत नाही.

टाकी लहान केली तर? करता येते. २०१९पासून एचएलएसमध्येही तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे पाडून उशीर काही सेकंदांवर आणण्याची सोय आहे. पण साठा कमी म्हणजे धार तुटताच चित्र थांबणार. अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आजीला उशीर जवळजवळ जाणवत नाही, कारण तिथे टाकी नावापुरतीच असते. त्याची किंमत म्हणजे मधूनच नातवाचा चेहरा फाटतो, आवाज तुटतो. बोलताना ते चालतं. शेवटच्या षटकात तसं झालं तर कोणी सहन करणार नाही. उशीर चालेल पण थांबायला नको, हा विचारपूर्वक केलेला सौदा आहे, आणि माझ्या मते तो बरोबर आहे.

कारखाना आणि किराणा दुकान

बिस्किटाचा पुडा घ्यायला कोणी कारखान्यात जात नाही. माल आधीच गल्लीतल्या दुकानात येऊन बसलेला असतो. इंटरनेटवर या दुकानांच्या जाळ्याला सीडीएन म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणाऱ्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८मध्ये काढलेली अकामाई ही या धंद्यातल्या आद्य कंपन्यांपैकी एक. सामन्याचा प्रत्येक तुकडा एकदाच कारखान्यातून निघतो, शहराशहरांतल्या सर्व्हरमध्ये ठेवला जातो आणि तिथून लाखो मोबाइल तो उचलतात.

हे जाळं किती ताणलं जातं याचं एक उदाहरण या क्षेत्रातले लोक अजून सांगतात. जुलै २०१९, विश्वचषकाची उपांत्य फेरी, मँचेस्टर, भारत विरुद्ध न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना बघत होते. मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला आणि लोकांनी पटापट सामना बंद केला. बघणारे गेले म्हणजे सर्व्हरवरचा ताण हलका झाला असेल असं आपल्याला वाटतं. घडतं उलट. सामना सोडणारा माणूस ‘मागे’ हे बटण दाबतो आणि ॲपच्या पहिल्या पानावर येतो. त्या पानाला तुमच्या आवडीचे कार्यक्रम, तुम्ही अर्धवट सोडलेली मालिका असं बरंच काही शोधून आणावं लागतं. लाखो लोक एकदम तिथे आले, की सामन्याशी संबंध नसलेले सर्व्हर कोलमडायची भीती असते. म्हणून अशा दिवशी इंजिनिअर लोक आधीच जादा सर्व्हर उभे करून ठेवतात आणि गरज पडली तर शिफारशींसारख्या बिनमहत्त्वाच्या सोयी बंद करतात. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हा एकाच वेळचा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

बैलगाडा घाटातली शाळा

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. तालुक्याच्या गावातला मुलगा यात कुठे बसतो? तो बसलेलाच आहे, फक्त त्याच्या कामाला कोणी नाव दिलेलं नाही.

पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटात हल्ली लाकडी मांडवाखाली एक टेबल असतं. दोन-तीन कॅमेऱ्यांच्या तारा, एक छोटा स्विचर, लॅपटॉप, शेजारी जनरेटर. शर्यत यूट्यूबवर थेट जाते आणि मुंबईला कामाला असलेली गावची माणसं ती बघतात. सकाळी सगळं सुरळीत असतं. दुपारी गर्दी वाढते, हजारो मोबाइल एकाच टॉवरला लोंबकळतात आणि ऐन फायनलला प्रक्षेपण तुटतं. अनुभवाने शहाणी झालेली मुलं वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं एकत्र वापरतात, अँटेना उंच बांधतात किंवा जवळच्या घरातून फायबरची तार ओढून आणतात. त्यातल्याही हुशार मुलाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. वर पाठवायचा वेग सेकंदाला तीनच मेगाबिट असेल तर फुल एचडीचा हट्ट सोडून सकाळीच ७२० वर उतरायचं. चित्र थोडं मऊ दिसेल, पण तुटणार नाही. ओबी व्हॅन, कोडेक, टाकी हा सगळा अभ्यासक्रम त्या एका टेबलावर मांडलेला असतो.

आपल्याकडे शिक्षणाची विभागणी मात्र अशी आहे, की चित्र एकीकडे शिकवतात आणि तंत्र दुसरीकडे. पुण्यात प्रभातच्या जुन्या जागेवर १९६०मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या संस्था चित्राची भाषा शिकवतात, इंजिनिअरिंग कॉलेजं नेटवर्क शिकवतात. दोन्हीच्या मध्ये उभं राहू शकणारा माणूस दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ माणसाला काम शोधत फिरावं लागत नाही. संकलक असाल तर कोडेक समजून घ्या. संगणकवाले असाल तर एखादा लघुपट स्वतः कापून बघा.

आणखी एक काम आहे, ज्याला मराठी माणसाशिवाय पर्याय नाही. सबटायटल. इंग्रजी संवादातल्या एका ‘यू’साठी मराठीत तू, तुम्ही की आपण, हे सासू-सुनेचं, साहेब-शिपायाचं नातं कळल्याशिवाय ठरत नाही. शिवाय ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंदच राहते, तेवढ्यात वाचून झाली पाहिजे. सध्या मोबाइलवर दिसणारी मराठी सबटायटलं बरीचशी वाईट आहेत. ती सुधारणं हे मी सन्मानाचं काम मानतो.

सुरुवातीला महागडा कॅमेरा घेऊ नका. आवाजासाठी चांगला माइक आधी घ्या. संकलनासाठी डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस आहे. आणि फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये सुरू केलेलं एफएफएमपेग आहे, तेही फुकट, जगभरच्या व्हिडिओ सेवा ज्याच्यावर विसंबून असतात ते.

या सुट्टीत एवढं करून बघा. घरातली पैठणी उन्हात पसरा, वाऱ्यावर हलू द्या आणि एक मिनिट मोबाइलवर चित्रित करा. एफएफएमपेगने त्याच्या तीन आवृत्त्या करा : सेकंदाला पाच मेगाबिट, दीड मेगाबिट आणि तीनशे किलोबिट. तिन्ही एकाच पडद्यावर लावा, काठावरच्या मोरांकडे बघा, आणि कोणत्या आकड्याला त्यांची नक्षी पुसली जाते ते वहीत लिहून ठेवा.